एका तोंडाची बातमी चालत नाही

पंक्चरच्या दुकानात फाटक्या ट्यूब का साठतात? टाकवत नाहीत म्हणून. आमच्या फळ्याचे किस्से माझ्याकडे तसेच साठले आहेत.

लाखनीला हमरस्त्यावर माझं सायकलचं दुकान. शेजारी धनराजची चहाटपरी आणि मधल्या भिंतीवर बातम्यांचा काळा फळा. सत्तर सालानंतरची पंधरा-सोळा वर्षं तो रोज शाळेत जाण्याआधी गुरुजी लिहीत. विज्ञान, राजकारण, अजब गोष्टी, सगळं एकाच खडूनं. बातम्या यायच्या नागपूरच्या पेपरातून, नाहीतर माझ्या रेडिओवरून. लोकांच्या तोंडच्याही यायच्या, पण तिथे गुरुजींचा नियम कडक होता. "एका तोंडाची बातमी चालत नाही. दुसरं तोंड आना!"

वर सगळ्यांसमोर शपथ घेतलेली. "एक ओळ खोटी निघाली, का फळा मी सोताच्या हातानं उतरवीन."

उतरवला असता. माणूसच तसा होता.

*

अठ्ठ्याहत्तर साली विलायतेत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. गुरुजींनी लिहिलं, "काचेच्या नळीत बीज रुजवून बाळ जन्मास." दिवसभर फळ्यापुढे गर्दी! आंधळगावची एक म्हातारी दाई लेकीकडे आली होती. तिनं ते दोघांकडून वाचून घेतलं आणि संध्याकाळी गुरुजींना गाठलं.

"नळीत काहून होईना, पोर झालं ना?"

"झालं."

"मंग नाळ कोनं कापली, थे लिवा ना!"

गुरुजींनी पेपर पुन्हा दोनदा वाचला. तेवढंच त्यात दिलेलं नव्हतं.

*

आणीबाणीत एक पोलीस शिपाई रोज सकाळी फळा वाचायला यायचा. साहेबाचा हुकूम! वही काढून सगळं उतरवून न्यायचा. गुरुजींनी राजकारण बंद करून नुसतं विज्ञान लिहायला घेतलं. गुरूचे चंद्र, देवमाशाचं काळीज, मुंगीची ताकद. शिपायानं तेही इमानदारीनं उतरवलं.

आणीबाणी उठली, फळ्यावर पुन्हा राजकारण आलं, तरी शिपाई हजर!

"आता कायले येता जी?" गुरुजींनी विचारलं.

"माया पोट्टा त्या वहीवर सातवीत विज्ञानात पहिला आला ना! आता तुमी सारं राजकारनच लिहून राहिले. त्याची आठवी कशी निंगन?"

*

आसगावचा एक पाहुणा धनराजच्या बाकावर बसून सांगत होता, "आमच्या गावात गाय व्याली. दोन डोस्की!"

"दुसरं तोंड?" गुरुजी म्हणाले.

"गाईले विचारा!"

रविवारी गुरुजी दोन एसट्या बदलून आसगावला गेले. परत आल्यावर आधी चहा प्यायले. मग म्हणाले, "डोस्की दोन हायेत. धडंही दोन हायेत. जुळी वासरं!"

पुढच्या खेपेला पाहुण्याला धरलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मी धडाचं काही बोललो होतो का?"

*

अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळातली प्रयोगशाळा पडणार, कुठे पडणार माहीत नाही, ही बातमी नेमकी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आली. एक शेतकरी भाताच्या बांधीतून चिखलाच्या पायांनीच धावत आला.

"गुरुजी, रोवना आज करू का थे पडल्यावर?"

"आजच कर. त्याले पडाले सारं जग हाये, तुले दोनच बांध्या!"

*

एका विधानसभेचा निकाल भंडाऱ्याकडून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितला. गावचा लाडका उमेदवार निवडून आला म्हणे! ढोल आले, गुलालाची पोती फुटली, मिरवणूक फळ्यापाशी येऊन थांबली. फळा कोराच.

"लिवा ना जी!"

"तोंड एकच हाये."

आता फळ्यावर नाही म्हणजे गुलाल उधळायला कोणाचा हात उठेना. शंभरेक माणसं मुठी आवळून रस्त्याकडे बघत उभी. दुसरा ट्रक अडवला. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला.

"कौन जीता?"

"भाई, मैं तो सूरत से टायर लेके आ रहा हूँ!"

चौथ्या ट्रकवाल्यानं तेच नाव घेतलं, तेव्हा गुलाल उडाला.

*

सोनबाजी गावातला सर्वांत जुना माणूस, ऐंशीच्या पुढचा. लहानपणी आपण आभाळात शेपटीचा तारा पाहिला, असं तो जन्मभर सांगत आला. त्याच्या बरोबरीचं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे दुसरं तोंड नव्हतं. गाव त्याला 'शेपटीवाला' म्हणायचं. मीही म्हणायचो. आज त्याची लाज वाटते.

पंच्याऐंशीच्या अखेरीला पेपरात आलं, हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी परत येतोय. गुरुजींनी बोटांवर वर्षं मोजली आणि खडू खाली ठेवला. "सोनबाजी खरं सांगत होता गा!"

सोनबाजीचं एकच म्हणणं, "मराच्या आंधी एक डाव दाखवा."

जानेवारीतल्या एका संध्याकाळी गुरुजींचा हात धरून तो तलावाच्या पाळीवर आला. मीही होतो. आभाळ भरून आलेलं, चांदणी म्हणून दिसत नव्हती. तासभर कुडकुडलो. मी 'चला' म्हणणार, तेवढ्यात गुरुजी ओरडले, "थो पाहा, सोनबाजी! आंब्याच्या वर!"

सोनबाजीनं मान वर केली. "हो गा! थोच! शेपटी तशीच हाये!"

मी आंब्याच्या वर पाहिलं. ढग होता.

सकाळी फळ्यावर ओळ होती, "काल सायंकाळी धूमकेतू दिसला. पाहणारे: सोनबाजी व मी." लिहून झाल्यावर गुरुजी माझ्याकडे न बघता शाळेत गेले.

सोनबाजी दिवसभर बाकावर बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावायचा. त्या दिवशी त्याला कोणी शेपटीवाला म्हणालं नाही. गर्दी ओसरल्यावर मी जवळ बसलो आणि हळूच विचारलं, "सोनबाजी, खरं सांगा. दिसला का?"

तो माझ्या कानाशी वाकला.

"मले कायचं दिसते बाबू! दोन सालं झाले, समोरचा मानूस वळखू येत नाही. पन गुरुजीले दिसला होता ना! एकट्याच्या तोंडानं फळ्यावर कसा लिवला असता त्यायनं?"