भुकटीच्या खोलीतून उठवणाऱ्या बाई

कुठेही बसण्याआधी बाई त्या जागेवरून एक बोट फिरवायच्या आणि ते उजेडाकडे धरून बघायच्या. बोट काळं निघालं की समोरच्याकडे असं बघायच्या, जणू त्यानेच ती जागा माखून ठेवलीय. मग खिडक्यांकडे हात करून म्हणायच्या, "जनेलां उघडा आधी." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घर स्वतःचं नसलं तरी झाडायला निघतात.

डिचोलीजवळ, सर्वणच्या वाटेवर, टॉर्चचे सेल बनवणारा एक लहानसा कारखाना होता. बाई तिथल्या प्रयोगशाळेत होत्या. पार्स्याहून रोज दोन बस बदलून यायच्या. मी तिथे बायामाणसं पुरवायचो. चंदगडाकडून एक पिशवी घेऊन आलो होतो, आणि भांडून-तंडून मुकादम झालो होतो.

सेलात मँगनीजची काळी भुकटी भरतात. ती जिथे चाळून मिसळत, त्या खोलीत मजुरी जास्त. तिथल्या जागा मी मालकाशी घासाघीस करून माझ्या बायांसाठी मिळवल्या होत्या. माझी बायकोही तिथेच. मीच बसवली होती.

बाई आल्या आणि माझ्या बाया त्या खोलीतून उठू लागल्या. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी. बाई दारात येऊन खूण करायच्या, की ती उठून पॅकिंगला जायची. मला कोणी विचारत नव्हतं. मी प्रयोगशाळेत जाऊन कारण विचारत आवाज चढवला, तर त्या काचेच्या नळ्या धूत राहायच्या. "मुकादम, कारण तुका कित्याक व्हया?" एवढंच.

मराठी-कोकणीच्या भांडणाचे, नव्या राज्याचे ते दिवस. खोलीच्या दारावर धोक्याची सूचना होती, पण इंग्रजीत. बायांना वाचता येईल अशी लावा, म्हणून बाईंनी मालकांचा पिच्छा पुरवला. मालक घाबरले. मराठीत लावली तर एक गट येईल, कोकणीत लावली तर दुसरा. दोन्हींत लावा, बाई म्हणाल्या. मग वर कुठली आणि खाली कुठली? नवी पाटी कोरीच राहिली. शेवटी बाईंनी सूचना तोंडीच सुरू केली, जेवणाच्या सुट्टीत, चहात पाव बुडवत. पाळी चार दिवस जरी पुढे गेली तरी मला सांगा, नवऱ्याला मागाहून.

आपल्याकडे ही गोष्ट तिसऱ्या महिन्यातल्या चोरओटीपर्यंत कोणी तोंडातून काढत नाही. त्यात आमची दोन गेलेली, दोन्ही तिसऱ्याच महिन्यात. म्हणून एका सोमवारी बाईंनी माझ्या बायकोला उठवलं, तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. मी पेटलो. सगळ्या पॅकिंगसमोर बाईंना नको ते बोललो आणि बायकोचा दंड धरून तिला परत भुकटीच्या खोलीकडे ओढत निघालो.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. माझ्या खांद्याला लागतील एवढीच उंची. म्हणाल्या, "माका धकल आणि व्हर तिका."

बायको खाली बघत म्हणाली, "अवो, बारा दिस वर गेल्यात."

मी दंड सोडला.

मग बाईंनी मला बसवून सांगितलं. ही धूळ श्वासातून आत जाते, आईच्या रक्तातून पोटातल्या जिवापर्यंत पोचते. उंदरांची पिल्लं त्यामुळे लहान आणि मंद निपजलेली पाहिलीत. माणसांचं अजून नक्की सांगता येत नाही. मी मुकादमच, तेवढंच 'नक्की नाही' धरून बसलो. त्या म्हणाल्या, "मग नक्की होईसर बसवायला तुका तुझीच बायल मिळाली?"

माझा राग गेला नाही, आजही नाही. माझ्या घरातली गोष्ट त्यांना माझ्याआधी कळली. पण पुढे एखादी बाई उठली की तिच्या जागी पुरुष मीच शोधून आणू लागलो. तेव्हाही ऐकून घ्यावं लागलंच. त्यांच्याही तोंडाला फडकी बांध, पोरं त्यांनाही होतात.

मुलगी डिचोलीच्या इस्पितळात झाली. बाई काम टाकून आल्या. दुपटं सोडून त्यांनी तिला नखशिखांत पाहिलं, टाचा चोळल्या, आणि ती कर्कश रडली तशा हसल्या. मी भिंतीशी उभा होतो. आधीच्या दोन वेळांची धास्ती. पोरीला अजून हात लावला नव्हता.

बाहेर बाकावर मी विचारलं, "बाई, आधीची दोन त्या धुळीनंच गेली काय?"

त्यांनी काखेतली छत्री बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, "माका खबर ना. आणि असती तरी तुका सांगलां नसतां."

कुठल्याही उत्तरावर घासाघीस करणारा माणूस मी. त्या दिवशी केली नाही.

पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला. बाई पार्स्याला गेल्या, त्या पुन्हा भेटल्या नाहीत. मला आठवतात त्या मुलगी झाली त्याच दुपारच्या, छत्री काखेत मारून पेडण्याच्या बसची पायरी चढणाऱ्या. बस वळली. मागे इस्पितळातून पोरीने पुन्हा सूर काढला, तसा मी आत गेलो आणि दोन्ही हात पुढे केले.