बंद कधी पडता, ते सांगा

कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवण्यात आमच्या साडभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. स्वतःचं लग्न ठरण्याआधी हे गृहस्थ माझ्या सासुरवाडीला चार वेळा न सांगता जाऊन आले होते. "सांगून गेलं का सारेच गोड बोलतात, मास्तर!" राळेगावला लग्नाला जायचं, तर कोणती एसटी किती उशिरा सुटते हे आठवडाभर स्टँडवर बसून टिपून ठेवत. आम्ही वेळेवर पोचायचो, नवरदेवच उशिरा यायचा आणि साडभाऊ त्याच्यावर चिडायचे.

लोहाऱ्याच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचं ऑफिस ते सांभाळतात. मालकाने वजनकाट्याच्या नोंदी क्लाउडवर न्यायचं ठरवलं. म्हणजे कापसाची गाडी काट्यावर चढली की नोंद दूरच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार आणि तिथून पावती निघणार. कंपनी निवडायची साडभाऊंनी. वर मालकाचा दम, "हंगामात काटा थांबला तं तुम्ही घरी बसा."

तीन कंपन्यांची माणसं आली. पहिला म्हणाला, आमची सेवा कधीच बंद पडत नाही. साडभाऊंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरा म्हणाला, नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के चालू. "म्हंजे वर्षातले आठ-नऊ तास बंद. थे माह्या दारात गाड्यांची रांग असतानाच आले तं? बंद कधी पडता, थे सांगा." तो बिलात सूट देऊ लागला. "सूट काय शेतकऱ्याले दाखवू?" तिसऱ्या कंपनीच्या मुलीने मात्र आपली सेवा कधी, कशामुळे बंद पडली याची यादीच पुढे ठेवली. साडभाऊ ती कादंबरीसारखी वाचत बसले. तरी समाधान नाहीच. तान्ह्या पोळ्याला सारं गाव लाकडी बैल सजवत असताना सणाच्या दिवशी कोण उचलतं ते पाहायला यांनी तिन्ही कंपन्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. दोन ठिकाणी नुसतं संगीत वाजत राहिलं. त्या यादीवाल्या मुलीच्या कंपनीत माणूस बोलला, तेव्हा काय विचारावं हे न सुचून यांनी त्याची तब्येत विचारली. ती कंपनी ठरली. पण नोंदी दोन वेगळ्या शहरांतल्या कॉम्प्युटरांवर ठेवायच्या, एक शहर बंद पडलं तर दुसऱ्याने काम चालवायचं, या अटीवर. मग एका रविवारी पहिलं शहर मुद्दाम बंद करायला लावून, मालकाची कार काट्यावर चढवून त्यांनी पावती काढून पाहिली.

ऐन हंगामात एका सकाळी ते पहिलं शहर खरंच बंद पडलं. मी ऑफिसातच बसलो होतो. पडद्यावर लाल पट्टी, बाहेर फाटकापर्यंत गाड्या, मालक धावत आलेला. साडभाऊ खुर्चीची पाठ धरून उभे. अर्धं मिनिट गेलं आणि प्रिंटर खरखरला. "चालून राह्यलं! मालक, चालून राह्यलं!" साडभाऊ असे ओरडले की काट्यावरचा ट्रकवाला दचकला. मालकाने त्यांना सर्वांसमोर मिठी मारली. शेजारच्या जिनिंगच्या नोंदी त्या एकाच शहरात होत्या, तिथे गाड्या दुपारपर्यंत खोळंबल्या. आमच्याकडे एकही थांबली नाही. सगळ्यांना खायला आलुबोंडे आले. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी शेवटची गाडी पावती घेऊन निघून गेली. साडभाऊ फाटक लावता लावता म्हणाले, "मास्तर, एवढी रांग होती, पण एकालेही समजलं नाही का काही झालतं."

"मी पाहिलं ना," मी म्हणालो.

"हो," ते हळूच म्हणाले, "तुम्ही पाह्यलं."