भरीत-पुरीनंतरचं रक्त

धुळ्यातल्या एका रक्तपेढीत मी नोकरी करते. लोकांना वाटतं, रक्त म्हणजे रक्त. पिशवीत भरलं, फ्रिजमध्ये ठेवलं, झालं. मी इतकी वर्षं एकच सांगतेय, आडात असेल तेच पोहऱ्यात येतं. देणाऱ्यानं काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, सगळं पिशवीत उतरतं. लोक मान डोलावतात आणि विचारतात, चहा कधी मिळेल.

दिवाळी उलटली होती. सोनगीरकडच्या एका गावातल्या आबांची मुलगी डेंग्यूनं धुळ्याच्या दवाखान्यात पडली होती. नाकातून येणारं रक्त थांबत नव्हतं, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स भराभर उतरत होत्या. डॉक्टरांना संध्याकाळच्या आत प्लेटलेट्स हव्या होत्या. आमच्याकडे तिच्या गटाच्या नव्हत्या. त्या जेमतेम काही दिवस टिकतात, साठवून किती ठेवणार? मी आबांना फोन केला. तिच्या गटाची धडधाकट माणसं आणा, एकाच्या अंगातूनही मशीनवर पुरेशा निघतात. उपाशी आणू नका, पण काहीतरी हलकंच खाऊन या.

दुपारी पिकअप भरून माणसं आली. एकेकाचा दंड असा, की शीर शोधावी लागू नये. सोबत आबा, आणि नणंदेसाठी डबा घेऊन त्यांची नवी सून.

एकानं गेल्याच महिन्यात दंडावर वाघ गोंदवून घेतला होता. तो बाद. दुसरा कंबरदुखीच्या गोळ्या खात होता. त्या गोळ्यांनी प्लेटलेट्स काही दिवस कामचुकार होतात. तोही बाद. बाकीच्यांचं थोडं थोडं रक्त काढून नळ्या मशीनमध्ये फिरवल्या. रक्त खाली बसलं की वर स्वच्छ पिवळं पाणी दिसायला हवं. प्रत्येक नळीत वर ताक होतं.

"हाई दूध शे का?" आबांनी विचारलं.

"तेल आहे. काय खाऊन आलात?"

सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. रक्त द्यायला निघालेल्या माणसांना आबा नुसत्या चहावर कसे धाडणार? सकाळीच कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली होती. भरिताला तेल हात सैल सोडून, आणि वर पुऱ्या.

"मी हलकं म्हणाले होते, आबा."

"हलकंच शे ना, ताई. मटण थोडंच शे?"

मला राग आला, आणि खरं सांगते, हसूही आलं. पण तिकडे पोरीच्या नाकातला बोळा भिजत होता. असलं रक्त मशीनवर घेता येत नाही. तेल उतरायला काही तास लागतात, आणि तेवढे तास तिच्यापाशी आहेत का, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

"आम्हनं रगत खराब शे का?" गड्यांपैकी एकानं भीत भीत विचारलं.

"रक्त चांगलं आहे. त्यात सध्या भरीत आहे."

आबा भिंतीला टेकून खालीच बसले. तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसलेली सून उठून माझ्याजवळ आली.

"मन्हा गट तोच शे. मन्हं रगत चालस का, ताई?"

वजन भरलं. हिमोग्लोबिनची मला धास्ती होती, आमच्याकडच्या बायकांचं तिथंच घोडं पेंड खातं; तेही काठावर का होईना, बसलं. नळी फिरवली. वरचं पाणी लख्ख पिवळं.

आबा उठून नळीकडे बघत राहिले. "हिन्हं कसं काय चांगलं?"

"सकाळपासून काय खाल्लंस?" मी तिला विचारलं.

"चहा पिनू."

पुऱ्या तिनंच तळल्या होत्या. सगळ्या गड्यांना वाढेपर्यंत पिकअप सुरू झाली आणि ती डबा घेऊन मागं चढली.

"तू जेवनी नही?" आबा म्हणाले.

"बठ्ठा गडी जेवतस, मंग आम्ही," ती म्हणाली. तक्रार नव्हती, रीत सांगत होती. मला त्या क्षणी एकट्या आबांचा नव्हे, आपल्या सगळ्यांच्याच घरांचा राग आला.

आता ही उपाशी, आणि उपाशी माणसाला मशीनवर घेता येत नाही. टेबलावर रक्तदात्यांसाठी केळी होती. मी हात पुढे करायच्या आत आबांनी एक उचललं, सोललं आणि सुनेपुढे धरलं. सासऱ्याच्या हातचं घ्यावं की नाही, तिला कळेना. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि केळं घेतलं. आबांनी दुसरं सोलायला घेतलं. सगळे गडी छताकडे बघत होते.

तासाभरापेक्षा जास्त ती मशीनवर होती. पिशवी भरली, आम्ही तपासून दवाखान्यात पाठवली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पोरीला ती चढली.

काही दिवसांनी मी आबांना फोन केला. मुलगी घरी आली होती, नाक कोरडं होतं, भूकही लागत होती. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "जेवायला बसलात वाटतं? मग करते नंतर."

"नही, नही, बोला ताई," आबा म्हणाले. "सून जेवी राहिनी. ती उठी, मंग आम्ही बठसूत."