बार हाय का जमीन?

मी ज्या देशात भूकंपशास्त्राचा अभ्यास करत होते, त्याचं नाव इथं लिहिणार नाही. माझी फाईल अजून बंद झालेली नाही, असं तिकडचे लोक सांगतात. नाव लिहून कुणाचं काही बिघडणार नाही हे मलाही कळतं. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड चांगलंच पोळलेलं आहे.

आमचं गाव नांदेडहून येताना नायगावच्या जरा अलीकडे. माय मात्र किल्लारीची. तो भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी पोर होती. तिची आई आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या भिंतीखाली गेले. ही उकडतंय म्हणून अंगणात झोपली होती, म्हणून वाचली. तेव्हापासून दार लावलेल्या घरात तिला झोप येत नाही. थंडीतसुद्धा आमचं दार उघडं असायचं आणि आम्ही भावंडं गोधडीत कुडकुडत तिच्यावर चिडायचो. दार का उघडं ते कुणी आम्हाला समजावून सांगितलं नाही. मोठे होता होता ते आपोआप कळलं.

अशा बाईला नवरा मिळाला तो रोज जमीन फोडणारा. अण्णा विहिरी खोदायच्या कामावर सुरुंग लावायचे. सोयरीक जुळवणाऱ्यांनी मुलगा निर्व्यसनी आहे, विहारात नेमानं जातो आणि घरची दोन एकर कोरडवाहू आहे, एवढं बघितलं. मुलाच्या धंद्याचा आवाज केवढा, हे कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे सुरुंगाला बार म्हणतात. कॉम्प्रेसरच्या ट्रॅक्टरनं विहिरीच्या तळाच्या खडकात भोकं पाडायची, त्यात माल, म्हणजे स्फोटकं, भरायचा, माणसं वर काढायची, आणि मग अण्णा काठावर उभे राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, "बार हाय! बार!" आसपासची माणसं गुरं घेऊन लांब व्हायची. मग जमिनीच्या पोटातून धप्प असा आवाज यायचा आणि पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. उन्हाळाभर हेच चालायचं. पाऊस लागून विहिरी भरल्या की काम बंद, अण्णा घरी.

तिकडे आवाज झाला की इकडे माय हातातलं टाकून उंबऱ्यात यायची. भाकरी तव्यावर जळाली तरी बेहत्तर. समोर जो असेल त्याला विचारायची, "बार हाय का जमीन?" आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून खरंच आवाज येतात. पेपरवाले त्यांना गूढ आवाज म्हणतात, माय नुसतं जमीन म्हणते. अण्णा घरी असले की तेच उत्तर द्यायचे, "बार हाय." मग ती परत चुलीकडे जायची.

एकदा बुद्धपौर्णिमेला आवाज झाला. पंचक्रोशीतलं काम बंद होतं, अण्णा स्वतः पांढरे कपडे घालून विहारात निघाले होते. मायनं विचारलं. अण्णा शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "बार हाय. कुणीतरी चालू ठेवलं असल काम." मी बघत होते. मायही त्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं तिलाही कळलं होतं. पण ती आत गेली, आणि आमच्या घरात त्यावर कधी चर्चा झाली नाही.

पुढे मी शिकत गेले. माझा विषय असा होता, की जमिनीच्या हादऱ्यांच्या नोंदी बघायच्या आणि कुठला हादरा निसर्गाचा, कुठला माणसानं केलेला, हे ओळखायची रीत शोधायची. थोडक्यात, मायच्या प्रश्नावर मला पीएच.डी. करायला मिळत होती आणि वर विद्यावृत्तीही मिळत होती. मला हे इतकं भारी वाटायचं की तिकडच्या बर्फात एकटी चालतानाही मी मनाशी हसायचे. माझ्या मार्गदर्शक बाईंनाही ही गोष्ट फार आवडायची. पाहुणे आले की त्या मला ती सांगायला लावायच्या.

काम निम्म्याच्या पुढे गेलं होतं तेव्हा भावाचं लग्न ठरलं. मी मार्गशीर्षात सुट्टी घेऊन आले. तिकडे राहायची माझी परवानगी चालू होती, पण पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. म्हणजे आत असेन तोवर कुणी हाकलणार नाही, पण एकदा बाहेर पडले की नवा शिक्का घेतल्याशिवाय आत शिरता येणार नाही. असले नियम कोण करतं देव जाणे. बाकीची मुलं दोन-चार आठवड्यांत शिक्का घेऊन परतत होती, म्हणून मीही आले. लग्नात नाचले, आणि हळद निघायच्या आत मुंबईला मुलाखतीला गेले.

काचेपलीकडचा अधिकारी माझ्याच वयाचा होता. सभ्य होता. त्यानं विचारलं, कशाचा अभ्यास करता? मी सांगितलं, नैसर्गिक हादरे आणि स्फोट यांतला फरक ओळखण्याचा. स्फोट या शब्दावर त्यानं मान वर केली. या विषयाकडे कशा वळलात, असं त्यानं विचारलं, आणि मला वाटलं, मार्गदर्शक बाईंसारखाच हाही गोष्ट ऐकायला बसला आहे. मी खुलले. वडील सुरुंग लावतात, लहानपणापासून घरात हेच बोलणं, मी विहिरीवर त्यांचा डबा घेऊन जायची, एकदा त्यांनी मला बाराचं बटणही दाबू दिलं, सगळं सांगितलं. माल कुठं ठेवतात? परवान्याच्या गोदामात. वडिलांच्या हाताखाली माणसं किती? परवाना कुणाच्या नावावर? विचारलं तेवढं सांगत गेले. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर, हे आम्हाला घरात शिकवलेलं. तो टाइप करत राहिला. माझं बोलणं संपल्यावरही बराच वेळ करत राहिला. मग एक रंगीत कागद सरकवून म्हणाला, जादा तपासणी करावी लागेल, थोडा वेळ जाईल.

बाराला इंग्रजीत दुसरा शब्द नाही, त्याला मी काय करू? विहिरीतला बार आणि बातम्यांतला बार त्यांच्याकडे एकाच शब्दात बसतात. गावाकडच्या कुठल्याही म्हातारीला यातला फरक सांगावा लागला नसता.

थोडा वेळ म्हणजे किती, हे कुणी सांगेना. रोज सकाळी फोनवर नंबर टाकून बघायचं, रोज तेच वाक्य यायचं. मेल पाठवला की ठरीव उत्तर यायचं, त्यात माझं नाव तेवढं बदललेलं. रागवावं तर रागवायला समोर माणूस नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. आमच्या गावात व्हिसाला इजा म्हणतात. "पोरीचा इजा अडकला म्हणं," असं बायका मायला पाण्याच्या टाकीवर विचारायच्या. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. चैत्र लागेस्तोवर मीही मनात इजाच म्हणू लागले होते.

शेवटी भाऊ आम्हाला नांदेडला एका सल्लागाराकडे घेऊन गेला. स्टेशनकडच्या रस्त्याला, मोबाइलच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस. भिंतीवर परदेशांतल्या पुलांचे आणि बर्फाचे फोटो. अण्णा धुतलेलं धोतर नेसून खुर्चीच्या काठावर बसले होते. सल्लागारानं माझ्याकडून मुलाखतीची हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," तो म्हणाला. विचारलं तर शेती सांगायची, दोन एकर आहे ना? ते लोक घरी फोन करून चौकशी करतात, तेव्हा वडिलांनीही शेतीच सांगायची. आणि पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर तोवर परवाना वगैरे काही नावावर नसलेला बरा.

मी म्हटलं, मी तिथं सगळं सांगून बसलेय, आता खोटं कसं सांगणार? आणि वडिलांचं काम कायदेशीर आहे, चोरी नाही. सल्लागार हसला. अण्णा मात्र त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते. ज्या माणसानं मुलीला कुठं बोलू नको असं आयुष्यात कधी सांगितलं नाही, त्याला तिथं त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं की मुलीची वाट त्याच्या धंद्यानं अडवली आहे. मला ते दिसत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. त्या सल्लागाराचा मला आजही राग येतो. त्याचं काही चुकलं नसेल, तरी येतो.

 दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ऐन हंगाम होता, विहिरींचे मालक घरी चकरा मारत होते. मग कळलं की कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर त्यांनी भागीदाराच्या हवाली केला आणि परवान्यावरचं नाव काढायला अर्ज देऊन आले. मी भांडले. तुम्ही काम सोडून माझी तपासणी लवकर होणार नाही, असं ओरडून सांगितलं. ते खाली बघून ऐकत राहिले. त्यांचा उजवा कान बारांनी अधू झालेला, त्यामुळे भांडताना त्यांच्याशी मोठ्यानंच बोलावं लागतं, आणि मोठ्यानं बोललेलं सगळं जास्त वाईट वाटतं.

माझं झाल्यावर ते म्हणाले, "तुज्या वाटंत माजा बार नको, बाई."

मग फोनची तयारी सुरू झाली. अनोळखी नंबर आला की अण्णा घसा साफ करायचे, चांगला कान लावायचे आणि म्हणायचे, "हाव, शेतकरी बोलायलोय." समोरून कुणी विम्याचं विचारायचं, कुणी कर्जाचं. तरी ते शेतकरी असल्याचं पहिल्यांदा सांगायचे. भाऊ हसायचा, मलाही एकदोनदा हसू आलं, मग नाही आलं. जो फोन यायला हवा होता तो कधी आलाच नाही. गावात कुणी जुन्या ओळखीनं अमुक खडकाला किती भोकं लागतील विचारलं, तर ते म्हणायचे, आता त्यातलं आठवत न्हाई.

श्रावणात मार्गदर्शक बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागं माझं टेबल दिसत होतं, त्यावर कुणाचा तरी नवा कप. त्या रडल्या, हे सांगायला हवं; वाईट बाई नव्हत्या. विद्यापीठ आणखी थांबायला तयार नाही, विद्यावृत्ती पुढच्या विद्यार्थ्याला द्यावी लागेल, आणि माझ्या नोंदीही आता तोच पाहील, असं त्यांनी सांगितलं. व्हिसा मिळाला तर नव्यानं अर्ज कर, मी शिफारस करीन. मी हो हो म्हणत राहिले. कॉल संपला तेव्हा माय दारातच बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. तिनं उठून ताट वाढलं.

मी लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागले. लातुरात हे काम मिळायला वेळ लागत नाही. खोलीत तीन मुलींबरोबर राहते, वर्गात मुलं मला मॅडम म्हणतात, आणि त्यांतली निम्मी मला विचारतात की परदेशात जायचं तर काय करावं लागतं. मी अर्जाच्या तारखा सांगते. बाकीचं सांगत नाही. कधी वाटतं, सांगावं, घरातली गोष्ट घरात ठेवायला शिका म्हणून. पण हे कुणाला शिकवायचं म्हटलं की जीभ रेटत नाही.

भाद्रपदात सुट्टी घेऊन घरी गेले. गणपती उठायच्या दिवसांत मायकडे कुणीतरी असावं लागतं. तिच्या गावचा भूकंप त्याच दिवसांतला. पाऊस आठवडाभर हटला नव्हता, त्या दुपारी जरा उघडीप होती. अण्णा ओसरीवर हरभऱ्याचं बियाणं निवडत बसले होते. आता ते खरंच शेती करू लागले आहेत, आणि वाईट करतात. मी त्यांच्याशेजारी बसले होते.

आवाज आला. खोलातून, धप्प असा, आणि ओसरीच्या फरशीतून तो माझ्या तळपायांना कळला. अण्णांचा हात बियाण्यात थांबला, म्हणजे त्यांनाही कळला. ताट पडल्याचं ऐकू आलं आणि माय उंबऱ्यात आली. पिठाचे हात तसेच. तिनं सवयीनं त्यांच्याकडेच बघितलं.

"बार हाय का जमीन?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग बियाण्याकडे. घरात आम्ही तिघंच होतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"मला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "आपण शेतकरी माणसं."

माय हलली नाही. आजवर ते उत्तर मिळाल्याशिवाय ती कधी आत गेलेली नव्हती.  मग तिनं माझ्याकडे बघितलं. असले हादरे ओळखायला मी समुद्र ओलांडून गेले होते, आणि हा कुठला हे मला यंत्राशिवायही कळलं होतं.

"बार हाय, माय," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली, आणि आत गेली. ओसरीवरून समोरच्या शेतातली विहीर दिसते, अण्णांनीच फोडलेली. ती काठोकाठ भरली होती.