पानाची डावी बाजू

आमच्याकडे पान वाढताना आधी मीठ पडतं. डाव्या बाजूला चिमूटभर मीठ, मग लिंबाची फोड, मग चटणी. इथं आखातात, माहूजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही मेलामाइनच्या ताटल्यांत जेवतो, पण तिथंही हे कधी चुकलं नाही. नवरा कोकणातला, जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. घामानं शर्टाच्या पाठीवर पांढरे डाग घेऊन घरी यायचा आणि पानावर बसला की भाजी चाखायच्या आधीच त्याचं बोट मिठाकडे जायचं. मला त्याचा राग यायचा. निदान चव तरी बघ, मग अपमान कर.

ब्लडप्रेशर आणि साखर त्याला बऱ्याच वर्षांची. दोन वर्षांपूर्वी रिपोर्टमध्ये किडनीही थोडी कमजोर दिसली. जिदहफ्सच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी प्रेशरची गोळी बदलली आणि मीठ कमी करायला सांगितलं. मला तेवढंच हवं होतं. त्याच दिवशी मी पानातलं मीठ बंद केलं.

त्यानं ताटलीकडे बघितलं. "मीठ नाही? आत्ताच माझं श्राद्ध घालतेस की काय?"

श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे आमच्याकडे पोराबाळांनाही माहीत असतं. असलं अभद्र बोलतात का, म्हणून मी भडकले. पण तो चार दिवस दोन-दोन घास खाऊन उठत राहिला आणि माझा जीव राहीना. भांडण करणारी माणसं आतून मऊ असतात, निदान मी तरी आहे.

म्हणून मी ते पाकीट आणलं. सुपरमार्केटच्या 'हेल्दी' फळीवरचं, हिरव्या रंगाचं, कमी सोडियमचं मीठ. नेहमीच्या मिठापेक्षा चौपट महाग, म्हणजे चांगलंच असणार. बहिणीला फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं, बघ, युक्ती. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेमचे कागद तपासते. बारीक अक्षर वाचायचाच मला पगार मिळतो. पाकिटामागची ओळही मी वाचली होती: किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा प्रेशरची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं. वाचली आणि मनात म्हटलं, हे काय, सगळ्यांवरच लिहितात. शेंगदाण्याच्या पुडीवरही 'यात शेंगदाणे आहेत' असं लिहितात. मिठासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?

पानाच्या डाव्या बाजूला मीठ परत आलं. "आता कसं जेवल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. ते मीठ जरा कडवट होतं आणि खारटपणाला कमी, त्यामुळे तो एका चिमटीऐवजी तीन घ्यायचा. घेऊ दे, मी म्हणायचे, हे चालतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "और कुछ लेते हैं? सप्लिमेंट, विटामिन, देसी दवा?"

आम्ही दोघंही हसलो. सप्लिमेंट म्हणजे जिममधल्या पोरांचे पावडरीचे डबे, असंच आमच्या डोक्यात. नवरा म्हणाला, "मफी, डॉक्टर, कुछ नहीं. सिर्फ घर का खाना." मी शेजारीच बसले होते. अभिमानानं मानही हलवली. औषध ते मेडिकलमधून येतं, मीठ स्वयंपाकघरातलं. ते पाकीट माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग उन्हाळा तापला. त्याचे पाय जड व्हायला लागले. यार्डात शिडी चढताना मध्येच थांबावं लागतं, म्हणाला. अशक्तपणा आलाय, मी निदान केलं. आपल्याकडे अशक्तपणाला उत्तर ठरलेलं: सकाळ-संध्याकाळ नारळपाणी आणि सात-आठ खजूर. बुदैयाकडच्या एका बागेतले चांगले मऊ खजूर मी मुद्दाम आणायचे. आयुष्यभर माझं एक न ऐकलेला माणूस यावेळी निमूटपणे सगळं खात होता. पाय जास्तच जड झाले. मी नारळपाणी वाढवलं.

शुक्रवारी दुपारी जेवण झालं. तो उठायला गेला आणि पुन्हा बसला. "अगं, पाय उचलत नाहीत," म्हणाला, जरा हसला, आणि त्याचं कपाळ टेबलावर टेकलं. माझ्या बोटांना फोनवरची बटणं सापडेनात. अकरा वर्षांच्या मुलीनं ॲम्ब्युलन्स बोलावली, स्वच्छ इंग्रजीत, पत्ता अगदी बरोबर सांगून.

तासाभरात, हॉस्पिटलमध्ये, तो गेला. हृदय आधी मंदावलं, मग थांबलं. रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलंय, म्हणाले. तो काय काय खायचा, हे हॉस्पिटलमधले डॉक्टर लिहून घेत होते. मिठाचं नाव काढलं तसं त्यांचं पेन थांबलं. "कौन सा नमक?" बहिणीला पाठवलेला फोटो मी त्यांना दाखवला. तो मोठा करून त्यांनी बराच वेळ बघितला. सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घालतात, ते म्हणाले. नारळपाण्यात तेच, खजुरात तेच. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, आणि त्याची गोळी ते आणखी धरून ठेवते. "एक चीज़ से नहीं होता, मैडम. सब मिलकर होता है."

ते धीर देण्यासाठीच म्हणत होते. पण ते 'सब' माझ्याच हातचं होतं.

गेल्या महिन्यात वर्ष झालं. विधी गावी दिरांनी केले. इथं मी फक्त त्याच्या नावानं पान वाढायचं, असं ठरलं. सासूबाईंनी सकाळी आठवणीनं फोन केला. "पानात मीठ वाढू नको हां गो." त्यांना मिठाचं काहीच माहीत नाही. मी सांगितलेलं नाही, आणि सांगायची हिंमत होईल असंही वाटत नाही.

भात, वरण, आमसुलाची चटणी, वडे, खीर वाढली. डावीकडची मिठाची जागा रिकामी ठेवली. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत.

"आई, यू फरगॉट बाबाज सॉल्ट."

"विसरले नाही," मी म्हटलं. "बाबाला मीठ चालत नाही."

ती मान हलवून पाणी आणायला आत गेली.