बेहड्याच्या ढोलीची रसद

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आचऱ्याला घरी आलो. त्यानंतरचं माझं पहिलं पोस्टिंग घरामागच्या बेहड्याखाली झालं. हुकूम कुणी दिला नव्हता. यंदा शिमगा झाल्यावर बायको, सुशीला, परसातला पाला झाडत होती. तिनं हाक मारली.

"अहो, हयसर येवा. ह्यो बियो खयच्यो?"

झाडाखाली वडाच्या आणि काजऱ्याच्या बिया पडल्या होत्या. आमच्या परसात ना वड, ना काजरा. वर पाहिलं. तीन पुरुष उंचीवर ढोली होती. तिचं तोंड चिखलासारख्या कशानं तरी लिंपून बंद केलेलं. मधे उभी फट, आणि फटीत पिवळट चोचीचं टोक. माडगरूड. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि आत अंडी घालते. पिल्लं वाढेपर्यंत ती बाहेर येत नाही. आणून घालणारा एकटा नर. तो आला तर आतले जेवतात, नाही तर नाही.

घराजवळ असं घरटं सापडलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती घालमेल. दुसऱ्या दिवसापासून मी बेहड्यापासून जरा लांब खुर्ची टाकली. नराची पहिली फेरी उजाडताना व्हायची, पलटणीत आम्ही हत्यारं घेऊन सज्ज बसायचो त्या स्टँड-टूच्या वेळेला. आधी पंखांचा आवाज यायचा, सुपात भात पाखडल्यासारखा. मग तो फांदीवर बसून चारी बाजू बघायचा आणि घशातून एकेक फळ काढून फटीत द्यायचा. दिवसभर फेऱ्या चालत. एखादी लांबली की मी जेवायला उठत नसे.

"तुमी रिटायर झालास मा?" सुशीला म्हणायची. "मगे जेवूक येवा. तो आपल्या बायलेक उपाशी ठेवणा नाय. तुमी माका ठेवतास."

एप्रिल संपताना एका सकाळी नर आला नाही. उन्हं वर आली तरी नाही. फटीतलं चोचीचं टोक सारखं आत-बाहेर होऊ लागलं. आतून पिल्लांची बारीक किरकिर येत होती. मी खुर्चीवरून उठत होतो, बसत होतो.

"शिडी लावन आपणच घालूया काय?" सुशीलानं विचारलं.

"नको गो. भियान तिना भिंत फोडली, तर पिल्लां उघड्यार पडतली. कावळे ठेवचे नाय."

आत बसून वाट बघणं काय असतं, हे मला माहीत आहे. मी हवालदार असताना एक हिवाळा उत्तरेकडच्या एका बर्फातल्या पोस्टवर होतो. आम्ही सात जण. वाट बंद झाली की खालच्या कॅम्पहून रसद माणसांच्या पाठीवरून यायची. त्या पार्टीला आम्ही लिंक म्हणायचो. तिचा कमांडर नाईक दत्ताराम, आंबोलीचा. पावसात जन्मलेला माणूस, त्यामुळं थंडीची टिंगल करायचा. इतरांशी हिंदी बोलायचा आणि वर पोचला की मला म्हणायचा, "हवालदारांनू, चाय ठेवा, पावणे इले."

एका सकाळी वायरलेस सेटवर निरोप आला. "लिंक निघाली. नाईक दत्ताराम प्लस थ्री. ओव्हर."

दुपारी खालच्या उतारावर बर्फ कोसळल्याचा गडगडाट झाला. मी सेट उचलला.

"लिंक पोचली नाही. पार्टी घेऊन खाली उतरू? ओव्हर."

"निगेटिव्ह. पोस्ट सोडायची नाही. इथून रेस्क्यू निघालीय. आउट."

हुकूम बरोबर होता. उतारावरचा बर्फ अजून सुटत होता. मी पोस्ट सोडली नाही. पण ते बसणं माझ्या अंगातून आजवर गेलेलं नाही.

बेहड्याखाली मला अडवायला सेट नव्हता. नर रोज ज्या बाजूनं यायचा, त्या बाजूला निघालो. दोन कुंपणं ओलांडल्यावर माझ्या चुलतभावाची, बाबलीची, बाग लागली. बाबली मासेमारीवर जातो. वानरांचा उपद्रव म्हणून त्यानं जुनं नायलॉनचं जाळं पपयांवर टाकलं होतं. त्या जाळ्यात नर उलटा लोंबत होता.

"बाबल्या!" मी ओरडलो. तो धावत आला.

"अरे देवा! सकाळपासून फडफड आयकतंय. कावळो गावलो आसतलो, म्हटलंय. ऱ्हवांदे, बाकीचे येवचे नाय."

कावळा अडकलेला दिसला की दुसरे कावळे बागेत उतरत नाहीत, म्हणून आमच्याकडं तो लगेच कुणी सोडवत नाही. रागवायची ती वेळ नव्हती.

"सुरी घेवन ये. आणि ओला गोणपाट."

मी गोणपाट टाकून पक्ष्याला छातीशी धरला. त्यानं गोणपाटातूनच माझं मनगट पकडलं. चोच म्हणजे अडकित्ता. बाबली जाळ्याचा एकेक धागा कापत होता.

"दादानू, रगात येता तुमच्या हातातून."

"येवंदे. पखाकडचा आदी काप."

सुटल्यावर तो जमिनीवर बसून राहिला. डावा पंख लोंबत होता. मग उडाला, पण घरट्याकडं नाही, खाडीकडं. बाबलीनं उरलेलं सगळं जाळं ओढून काढलं आणि माझ्याबरोबर आमच्या परसात येऊन बसला. सुशीलानं मनगटाला हळद लावली. तिघंही वर बघत होतो. फटीतलं टोक आता हलत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि ती मी लपवली नाही.

दिवस कलला. मग सुपात पाखडल्यासारखा तो आवाज आला, एका बाजूनं अडखळत. नर फांदीवर नीट बसू शकला नाही, दुसऱ्यांदा बसला. मान झटकून त्यानं पहिलं फळ फटीत दिलं. आतल्या चोचीनं ते ओढून घेतलं.

"घेतल्यान गो, घेतल्यान!" बाबली म्हणाला. सुशीलानं पदर डोळ्यांना लावला. मला दत्ताराम आठवला.

दत्तारामचे तिघे साथी वाचले. त्यानं त्यांना लांब अंतर ठेवून मागं चालायला लावलं होतं. तो पुढं होता. तिसऱ्या दिवशी रेस्क्यू पार्टी आमच्यापर्यंत पोचली, ती त्याची पाठीवरची पिशवी घेऊनच. त्याच्या गोठलेल्या अंगावरून पट्टे कापून काढावे लागले होते. आत पीठ, डाळ, आणि रजेवरून येताना त्यानं माझ्यासाठी आणलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. स्वयंपाकाला कुणी हात लावेना. पोस्ट कमांडर मी होतो. शिजवायचा हुकूम मीच दिला. आम्ही सातही जण भुकेले होतो. नाईक दत्तारामनं आणलेलं ते जेवण आम्ही सगळं संपवलं.