नळ घासणाऱ्यांची मोजणी

चौतिसाव्या वर्षी तिने नळांच्या कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडली आणि स्थानिक व प्रादेशिक आर्थिक विकास या विषयात एम.ए.ला नाव घातलं. गल्ली हसली, पण जपून. आठ वर्षांत तिला कामावर उशिरा आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

प्रबंधाला तिने स्वतःचीच गल्ली घेतली. पितळी नळ बनवणारे एकोणतीस गाळे. या धंद्यावर किती माणसं उभी आहेत, हा प्रश्न. दोन महिने ती फॉर्म घेऊन दारोदार फिरली.

"आली मोजणीबाई!" ओतारी ओरडायचा. "पंखेही मोज गं, तेवढाच आकडा वाढेल."

"चालू असलेला एक तरी दाखवा, काका. लगेच मांडते."

आकडा आला एकशे बारा. मार्गदर्शक सरांनी मान डोलावली. सोमवारी प्रबंध द्यायचा; चुकलं तर वर्ष वाया.

बुधवारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद लावत होती. समोर आई नळ घासत होती. लेथवरून उतरलेल्या नळाच्या कडेला पितळेची धारदार कोर राहते, तिला बर म्हणतात. कानशीने ती काढल्याशिवाय नळ पुढे जात नाही. सकाळी गाळ्यांतून नळांची टोपली यायची, संध्याकाळी परत जायची. बावीस वर्षं.

"आई, टोपली सरकव ना. कागदांवर कीस पडतोय."

दाराशी बसलेल्या बाबांचा जन्म लेथवर गेलेला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकशे बारांत हिला धरलंस?"

तिचा हात थांबला. गाळेवाल्यांना तिने विचारलं होतं, 'तुमच्याकडे कामगार किती?' त्यांनी गाळ्यात उभी असलेली माणसं सांगितली. घरी बसून घासणाऱ्यांना कोणी कामगार म्हणतच नव्हतं. तीसुद्धा.

"असू दे गं," आई म्हणाली. "मला कुठे पुस्तकात जायचंय? तू आपली पास हो."

तिने सरांना फोन केला. "अभ्यासाची मर्यादा म्हणून एक परिच्छेद जोडा आणि देऊन टाका," सर म्हणाले.

बाबांनी ते ऐकलं. "गळका नळ, सोबत गळतोय अशी चिठ्ठी. घेईल कोणी?"

गुरुवारी सकाळी ती टोपल्या वाटणाऱ्या हातगाडीमागे निघाली. गाडी थांबेल त्या दारात फॉर्म. रविवारपर्यंत चौऱ्याऐंशी बायका झाल्या. तिचे सगळे तक्ते चुकीचे ठरले.

सोमवारी ती सरांसमोर रिकाम्या हाताने उभी राहिली.

"वर्ष जाईल," सर म्हणाले.

"जाऊ दे, सर. काम अर्धं आहे."

घरी आली. आईसाठी मागे ठेवलेला एक फॉर्म काढून तिच्यासमोर बसली.

"रोज किती तास?"

"लिही चार-पाच."

"आठ," बाबा दाराशी बसल्या बसल्या म्हणाले. "रोज बघतोय."

"बघत होतात, तर एक कानस उचलायचीत की!" आई म्हणाली.

बाबा चष्मा पुसायला लागले. तिने आठ लिहिलं.